पाच पॉइंट आठ

एकतीस वर्षं मी बाटल्यांना चिठ्ठ्या लावल्या. उदगीरच्या एका शाळेत मी प्रयोगशाळा सहायक होते. विज्ञानाचे शिक्षक आले-गेले, तीन मुख्याध्यापक निवृत्त झाले, पण चिठ्ठी नसलेली बाटली माझ्या कपाटात एक दिवसही टिकली नाही. "बाटली बोलत नाही, चिठ्ठी बोलते," हे मी मुलांना इतक्यांदा सांगितलं की ती पाठीमागे मला चिठ्ठीबाई म्हणायची. मला ते कळायचं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

अशा बाईच्या हातून हे झालं, म्हणून आधी एवढं सांगून ठेवते.

शाल्मली सून म्हणून आमच्या घरी आली तेव्हा तिच्याबरोबर दोन सुटकेस आणि मायाळूचा एक वेल आला. सुटकेस ओजसनं, माझ्या मुलानं, उचलल्या. वेल तिनं कुणाच्या हातात दिला नाही. निलंग्याहून इथपर्यंत मांडीवर घेऊन बसली होती.

तिला जन्मापासून एक आजार आहे. डाळ, दूध, शेंगदाणा, अंडं यांच्या प्रथिनांत फेनिलअॅलॅनिन नावाचा एक घटक असतो. तुमच्या-माझ्या यकृतात तो मोडणारं विकर असतं, तिच्यात ते नाही. न मोडलेला घटक रक्तात साठत जातो आणि मेंदूला बाधतो. म्हणून तिचं सगळं बालपण साबुदाणा, रताळं आणि कुबट वासाची एक औषधी भुकटी यांवर गेलं. एकदा तिनं भावाच्या ताटातलं वरण चोरून चाटलं, तेव्हा आईनं तिला मारलं आणि मग स्वतःच रडत बसली, असं तिनंच मला सांगितलं होतं.

ती अठरा वर्षांची असताना हा मायाळू आला. ते विकर तयार करण्याची कृती काही जिवाणूंना ठाऊक असते. शास्त्रज्ञांनी ती मायाळूच्या पानातल्या हरितकणांत नेऊन बसवली. जेवणाआधी तीन कच्ची पानं चावून खायची. पानाच्या पेशींची भिंत विकराला पोटातल्या आम्लापासून सांभाळते, ते आतड्यात पोचतं आणि अन्नातला तो घटक रक्तात जाण्याआधीच मोडून टाकतं. पान तोडून ठेवलं, वाळवलं की विकर निकामी. म्हणून ज्याचा त्याचा वेल ज्याच्या त्याच्या घरात. गावोगावच्या पर्णौषध केंद्रांतून असे वेल मिळू लागले आणि पंचवीस वर्षांचे बाप्ये पहिल्यांदा आमटी-भात खाऊन रडले.

वेल वाढतो तो मातीत नाही, पाण्यात. आमच्या हॉलच्या पूर्वेच्या भिंतीवर चाळीस लिटरची लांबट पन्हळ होती आणि वेलाची मुळं तिच्यात सोडलेली होती. वेलाला ते पाणी किंचित आंबट लागतं. आम्लता मोजायची पट्टी शून्य ते चौदा. सात म्हणजे मधलं, त्याच्या खाली आंबट, वर अल्कधर्मी. एक आकडा खाली म्हणजे दहापट आंबट. मायाळूला हवं पाच पॉइंट आठ. पाणी सातच्या वर गेलं की लोह पाण्यात असूनही मुळांना घेता येत नाही, पान पिवळं पडतं, हरितकण लुळे होतात आणि विकर घटतं. आमच्या बोअरचं पाणी आठ पॉइंट दोन. त्यात चुना एवढा, की थोडंबहुत आंबट तो सहज पचवून टाकतो. त्यासाठी केंद्राकडून संतुलकाच्या पिशव्या यायच्या. पन्हळीवर बसवलेलं थेंबयंत्र त्यातले थेंब मोजून सोडायचं आणि वर हिरव्या आकड्यांत ५.८ दाखवायचं.

त्याच यंत्रावर क्षार दाखवणारा एक लाल दिवाही होता. पण उदगीरच्या पाण्याला तो पहिल्या दिवसापासून जो लागला तो लागलाच. केंद्रातली माणसं म्हणाली, इकडं सगळ्यांकडं तसंच आहे, लक्ष देऊ नका. रात्रंदिवस डोळ्यावर येतो म्हणून लोक त्यावर कागद चिकटवायचे. आमच्याकडं शाल्मलीची एक मरून रंगाची टिकली होती. ती मीच चिकटवली होती.

शाल्मलीला दिवस गेले तेव्हा डॉक्टर नाजनीन काझी यांनी आम्हा तिघांना समोर बसवलं. त्या पर्णौषध केंद्राच्या प्रमुख. बोलायला मऊ, पण गोलगोल बोलणं त्यांना जमत नाही.

"शाल्मलीच्या रक्तातला आकडा सहाच्या आत राहिला पाहिजे," त्या म्हणाल्या. "वाढला तर वारेतून बाळाकडे तो आणखी जास्त जातो. बाळाला आजार नसला तरी त्याच्या मेंदूची वाढ खुंटते. डोकं लहान राहतं, बुद्धी मागे पडते. नंतर कुठलंही औषध ते भरून काढत नाही. तेव्हा पानं चुकवायची नाहीत आणि वेल पिवळा पडू द्यायचा नाही."

"वेलाचं माझ्याकडं," मी म्हणाले. कुणी विचारायच्या आत म्हणाले.

सहावा महिना संपता संपता संतुलक यायचं बंद झालं. ज्या आम्लापासून ते बनतं ते परदेशातून यायचं, आणि तिकडंच काही अडलं. केंद्राचा निरोप आला, दोन महिने धीर धरा, तोवर लिंबूसत्त्व वापरा. दोन दिवसांत गावातल्या एकाही दुकानात लिंबूसत्त्वाचा खडा उरला नाही. मी लिंबं पिळली. पण लिंबाचं आम्ल पाण्यातले जीवाणू खाऊन टाकतात. सकाळी पाच पॉइंट आठ केलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सात, आणि मुळांवर बुळबुळीत थर. व्हिनेगर आणलं, तर त्याच्या वासानं शाल्मलीला उलट्या सुरू झाल्या. चौथ्या दिवशी वरची पानं फिकी दिसायला लागली.

आणि मला आगळाची आठवण झाली.

मी मूळची कोकणातल्या शिरोड्याची. लग्न होऊन या कोरड्या मुलखात आले त्याला तेव्हा पस्तीस वर्षं होत आली होती. जेवणात कोकम नसलं की मला अजून जेवल्यासारखं वाटत नाही. आगळ म्हणजे कोकमाचा दाट रस. त्याच्या आंबटपणापुढं लिंबू फिकं पडेल. प्रयोगशाळेतून निवृत्त होताना आणलेला जुना आम्लतामापक माझ्याकडं होता. घरातल्या उरल्यासुरल्या आगळाचे दहा थेंब बादलीभर पाण्यात टाकून पाहिले तर आकडा झरझर खाली आला. दुसऱ्या दिवशीही फारसा वर चढला नाही. मी लगेच शिरोड्याला दादाला फोन लावला.

इतकी यंत्रं आली, तरी पार्सल अजून एसटीनंच येतं. तिसऱ्या दिवशी पाच लिटरचा कॅन आला आणि पाठोपाठ दादाचा फोन. "गो हर्षदा, मिळाला मां आगळ? यंदाचाच आसा, ताजा. सुनेक सोलकढी कर, बाळ गोरा होतला!"

बाळ गोरं व्हायला नको होतं, हुशार व्हायला हवं होतं. पण दादाला ते कुठं सांगत बसा! मी रोज सकाळी दोन मोठे चमचे आगळ पाण्यात कालवून पन्हळीत सोडायला लागले. पाणी गुलाबी झालं, मुळं गुलाबी झाली. आकडा पाच पॉइंट आठ. दिवसभरात पाणी दोन-तीन लिटर आटायचं, तेवढं मी वरून घालायचे. पन्हळ पूर्ण रिकामी करून पाणी बदलायला हवं होतं हे मला ठाऊक होतं. पण तो उन्हाळा होता, नळाला आठव्या दिवशी पाणी यायचं आणि बोअर गुळण्या टाकत होती. चाळीस लिटर मोरीत सोडायला मन होईना.

दहा-बारा दिवसांत वेलानं जी काही पालवी धरली! पानं पूर्वीपेक्षा जाड, गडद, बोटांत धरली तर कुरकुरीत. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या. केंद्राच्या गटावर मी फोटो टाकला आणि खाली ऐटीत लिहिलं, कोकणचा उपाय. नशीब, कुणाकडं आगळ नव्हतं.

"आई, पानं जरा खारट लागायलीत हो आजकाल," एकदा शाल्मली म्हणाली.

"तोंडाची चव गेली असेल. या दिवसांत होतंच तसं," मी म्हणाले आणि पुढं पोळी लाटत राहिले.

सातव्या महिन्यात आम्ही डोहाळजेवण केलं. तिला हिरवी साडी, फुलांचे दागिने, झोपाळा. पाच बायकांनी ओटी भरली. तिच्या ताटात तिनं मागितलेलं सगळं होतं: पुरणपोळी, कटाची आमटी, बासुंदी, शेंगदाण्याची चटणी. लहानपणी ज्याच्या वासावर समाधान मानलं ते सगळं. जेवायला बसण्याआधी तिनं मोजून तीन पानं खाल्ली, मग हसून आणखी दोन खाल्ली. "आज जास्तीची ड्यूटी," ती पोटावर हात ठेवून म्हणाली. त्या दिवशी ती इतकी सुंदर दिसत होती की मी मीठमोहऱ्यांनी तिची दृष्ट काढली.

पाच दिवसांनी महिन्याची रक्ततपासणी झाली. चारवर असायचा तो आकडा चौदा आला.

डॉक्टर नाजनीन यांनी रिपोर्ट दोनदा पाहिला. "पानं नियमित घेतलीत?"

"हो."

"वेल कसा आहे?"

"एकदम तरारलाय," उत्तर मी दिलं, आणि फोटो दाखवला.

डॉक्टरांनी फोटो मोठा करून पाहिला. पान हिरवंगार होतं, पिवळेपणाची खूण नव्हती. त्या शाल्मलीकडं वळल्या. "मग खाण्यात काही झालंय का?"

शाल्मलीनं खाली मान घालून डोहाळजेवणाचं ताट सांगितलं, एकेक पदार्थ, चोरी कबूल करावी तसं. त्या दिवसापासून तिचं जेवण बंद झालं. पुन्हा साबुदाणा, रताळं आणि कुबट भुकटी.

घरी आल्यावर ओजस तिला बोलला. तो तसा शांत मुलगा, सौरपंप दुरुस्त करत गावोगाव फिरतो, आवाज चढवत नाही. त्या दुपारी त्याचा आवाज अंगणात ऐकू गेला. "एका दिवसाचं खाणं आवरलं नाही तुला? बासुंदी दोन वाट्या! बाळाचं काही वाटायलं का नाही तुला?"

भिंतीकडं तोंड करून ती पडून राहिली. संध्याकाळी मी भुकटीचा पेला घेऊन गेले तेव्हा म्हणाली, "माझ्या आईनं मारलं होतं तेच बरोबर होतं. मला कळतच नाही कुठं थांबायचं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेलापाशी गेले. रोजच्यासारखं फडक्यानं पन्हळीचा काठ पुसला. काठावर पांढरा खार जमला होता. इथं तो कशावर जमत नाही? नळावर जमतो, तांब्यावर जमतो, केसांत जमतो. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात तिचं वाक्य होतं, पानं खारट लागायलीत. मी एक पान तोडून तोंडात टाकलं.

मी ते थुंकले नाही. चावत उभी राहिले. मग बोटानं काठावरचा खार उचलून जिभेवर ठेवला. तो चुना नव्हता. ते मीठ होतं.

आमच्या शिरोड्याला मिठागरं आहेत. शाळेत जाता-येता मी ती रोज बघायचे. बांध घातलेल्या उथळ वाफ्यांत खाडीचं पाणी घ्यायचं, ऊन त्यातलं पाणी तेवढं उचलून नेतं, मग पुन्हा पाणी घ्यायचं. पाणी जातं, मीठ राहतं. सहा वर्षांच्या पोरीला कळेल एवढं सोपं काम. तेच मी चोवीस दिवस माझ्या हॉलच्या भिंतीवर करत होते.

मी टिकली काढली. तिच्याखालचं बटण दाबून धरलं की क्षाराचा आकडा दिसतो. आमच्याकडं तो नेहमी दीडच्या आसपास असायचा. साडेसहा होता.

दादाला फोन लावला. "आगळात मीठ किती घातलेलंस?"

"दरवर्षी घालतंय तितक्याच. किलोक पाव." तो हसला. "मिठाशिवाय आगळ टिकात कसो गो? इतक्या वर्षांत ता पण इसारलंस?"

विसरले नव्हते. मला आगळात मीठ असतं हे माहीतच होतं, जसं समुद्रात असतं हे माहीत असतं. आमच्याकडं आगळ म्हणजे मीठ घातलेलंच. कुणी वेगळं सांगत नाही, कॅनवर कुणी लिहीत नाही. सोलकढी करताना माझा हात आपसूक मिठाच्या डब्याकडं जात नाही, तो याचमुळं. हाताला ठाऊक होतं. डोकं मात्र आकड्याकडं बघत बसलं होतं. आम्लतामापक आम्लता मोजतो, त्यानं त्याचं काम चोख केलं. चिठ्ठी नसलेल्या कॅनमधून चोवीस दिवस ओतत राहिली ती चिठ्ठीबाई.

पुढचं सगळं मला वाचल्यासारखं स्पष्ट दिसलं. मिठानं पान जाड होतं, पाणी धरून ठेवतं, गडद दिसतं. आत मात्र वेल स्वतःला वाचवण्यात गुंतलेला असतो आणि परक्याचं काम तो सगळ्यात आधी टाकतो. ते विकर म्हणजे त्याच्यासाठी परक्याचंच काम. आम्ही ज्याचा फोटो काढला ते औषध नव्हतं, मायाळूची भाजी होती.

आणि हे कळूनही मी बोलले नाही.

हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. मी तीन दिवस बोलले नाही. स्वतःला सांगत होते की तिचं पथ्य तर सुरू झालंच आहे, आता सांगून बाळाचं काय भलं होणार? खरी गोष्ट अशी की मला भीती वाटत होती. ओजस कामावर गेल्यावर मी पन्हळ रिकामी केली, मुळं दोनदा धुतली आणि पुन्हा भरली. प्यायच्या टाकीतलं पाणी वापरलं. शाल्मली आत पडून ते ऐकत होती का, मला माहीत नाही. तिनं त्या दिवसांत भुकटीसुद्धा निम्मीच घेतली, आणि भुकटी कमी पडली की आकडा लवकर उतरत नाही. विचारलं की म्हणायची, "नको आई, माझा विश्वास नाही माझ्यावर."

चौथ्या सकाळी ओजसनं टाकी उघडली. पाणी यायला अजून तीन दिवस होते.

"आई, टाकीत पाणीच नाही की! शंभर-सव्वाशे लिटर कुठं गेलं?" मग खोलीकडं बघून, त्याच चढ्या आवाजात, "शाल्मली, तू काय धुवायलीस एवढं?"

ती उठून दारात आली. पोट सावरत, केस विस्कटलेले, आणि तोंड उघडायच्या आधीच अपराधी. न केलेली गोष्टही ती आता कबूल करणार, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तेव्हा मात्र मला माझी शिसारी आली.

"तिनं नाही," मी म्हणाले. "मी वेल धुतला. आगळात मीठ होतं. आकडा वाढला तो माझ्यामुळं, जेवणानं नाही. तिनं पानं चोख खाल्ली, त्या पानांतच काही नव्हतं. आणि हे मला तीन दिवसांपासून माहीत आहे."

ओजस खाली बसला, तिथंच टाकीच्या कट्ट्यावर. शाल्मली दारातून माझ्याकडं वळली.

"मी सांगितलं होतं, खारट लागायलीत म्हणून," ती म्हणाली.

"सांगितलं होतंस."

"तीन दिवस तुम्ही मला पेला आणून द्यायलाव, आणि मी रडायले ते बघायलाव."

मी मान हलवली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती आत गेली, भुकटीचा डबा घेतला, पूर्ण माप पाण्यात कालवलं आणि उभ्यानं गटगट पिऊन टाकलं. चार दिवसांत पहिल्यांदा. मग तिनं मला सांगितलं, "डॉक्टर मॅडमना फोन लावा. बाकीच्यांनी कुणी आगळ घातलं असंल तर?"

तिच्या पोटातल्या जीवावर एवढं बेतलं असतानाही तिला दुसऱ्यांचे वेल सुचले, आणि मला तीन दिवसांत ते सुचलं नव्हतं. मी फोन लावला. डॉक्टर नाजनीन यांनी सगळं ऐकून घेतलं. "काकू, हे त्या दिवशीच सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या, आणि तासाभरात सगळ्यांना निरोप गेला.

मीठ जुन्या पानांत मुरलं होतं, म्हणून आमच्या वेलाचे कोवळे कोंब घेऊन केंद्रानं नवा वेल लावला. पण तो पानं द्यायला लागेपर्यंत आठवा महिना सरला होता. तोवर शाल्मलीनं पथ्य एका घासानंही मोडलं नाही. तिच्याबरोबर मीही तेच खाल्लं: साबुदाणा, रताळं, भगर मोजून, वरण-दूध काही नाही. तिनं सांगितलं नव्हतं आणि कौतुकही केलं नाही. एकदा फक्त माझ्या ताटाकडं बघून म्हणाली, "आई, रताळं जास्त शिजलंय." त्या सकाळनंतर मला मिळालेलं ते पहिलं साधं वाक्य होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आकडा आठ दिवसांत सहावर आला आणि पुढं तीन-चारवरच राहिला. पण चोवीस दिवस, वर माझ्या गप्प बसण्याचे तीन, ते कुठल्या रिपोर्टात परत येणार?

मुलगी झाली. डॉक्टरांनी टेप लावून डोकं मोजलं. साडेबत्तीस सेंटीमीटर. "काठावर आहे," त्या म्हणाल्या. "याचा अर्थ आज काही सांगता येत नाही. वाढू दे, बघू दे."

तिचं नाव ऋता ठेवलं. ती दिसायला शाल्मलीसारखी आहे आणि हट्टाला माझ्यासारखी. हसली उशिरा, बसली उशिरा, चालली मात्र वेळेत. आता तिला तीन वर्षं पूर्ण होतील. शब्द मोजून आठ येतात. डॉक्टर नाजनीन म्हणतात, काही मुलं उशिरा बोलतात. ओजस म्हणतो, मी पण उशिरा बोललो होतो ना आई? तो उशिरा बोलला नव्हता, पण मी हो म्हणते. शाल्मली रोज पोरीला मांडीवर घेऊन भिंतीवरच्या वेलाचं एकेक पान दाखवते आणि सांगते, "पान. पान." ऋता पानाला हात लावते आणि आईच्या तोंडाकडं बघत राहते.

घरातल्या प्रत्येक बाटलीला आता चिठ्ठी आहे. फक्त या एका गोष्टीला नव्हती, म्हणून मी ही लिहिली. ऋता, ही तुझी आहे. मोठ्या अक्षरात लिहिली आहे, शाळेच्या फळ्यावर लिहावी तशी, कारण तुला वाचायला किती वेळ लागेल ते मला माहीत नाही. तुझ्या आईनं काही चुकीचं खाल्लं नव्हतं, हे आधी वाच. जे झालं ते आजीच्या हातून झालं. तुला हे वाचता आलं, तर मला माफ कर. आणि वाचता आलं नाही, तर ही माफी कुणाकडं मागायची ते मला ठाऊक नाही.